पवनीच्या गाडीत दिसले होते

रिता लॅबमधून परत आली तेव्हा समोरच्या घरातली टीना गेटाला टेकून ओले केस वाळवत उभी होती. हिवाळ्यातलं ऊन होतं, पाठीला बरं वाटणारं. केसांतून बोटं फिरवता फिरवता, काही विशेष नाही अशा आवाजात टीनानं विचारलं, "काकू, आजोबा गावाले गेले का?"

रिताचा हात गेटाच्या कडीवर होता. "कोणते आजोबा?"

"तुमचे. सकाळी पवनीच्या गाडीत दिसले. मी कॉलेजले जाऊन राहिली होती."

"एकटेच?"

"हो. खिडकीपाशी बसले होते. मले वाटलं, तुमीच बसवून देलं असन."

"मग मला फोन तरी करायचा. थांबवायचं त्यांना."

टीनानं केस एका खांद्यावर घेतले आणि पिळले. "नाही काकू, आमी नाही पडत त्यात," ती म्हणाली. आवाजात उद्धटपणा नव्हता. घरात घालून दिलेला नियम सांगावा तसं तिनं ते सांगितलं. "उद्या काही कमीजास्त झालं म्हणजे." एवढं बोलून ती आत गेली आणि तिच्या मागे जाळीचं दार आपोआप लागलं.

घरात सासऱ्यांची, सोमाजींची खाट रिकामी होती. चादर अर्धी खाली लोंबत होती, चहाच्या कपात माशी पडली होती, चपला नव्हत्या. रिता तिथेच उभी राहिली. खरं तर भीती वाटायला हवी होती. म्हातारा माणूस, स्वतःचं नाव कधी आठवतं कधी नाही, आणि सकाळपासून बाहेर. पण आधी राग आला, तोही सोमाजींचा नाही, त्या ओल्या केसांचा. त्या पोरीनं त्यांना पाहिलं होतं, ओळखलं होतं, ते एकटे आहेत हेही तिच्या ध्यानात आलं होतं, आणि मग ती कॉलेजला गेली, परत आली, जेवली असेल, केस धुतले असतील. तेवढ्या सगळ्या वेळात सोमाजी दूर दूर जात होते. गेल्या वर्षी याच पोरीनं त्यांना हाताला धरून घरी आणलं होतं आणि दारातून ओरडली होती, काकू, पाहुणे आले. तेव्हा तीच नाही, सगळेच आणत. चौकातला केळीवाला आणायचा. मंदिराचा पुजारी आणायचा. शाळेच्या ऑटोत जागा असली तर ऑटोवाला पोरांमध्ये बसवून आणायचा आणि सोमाजी पोरांसारखेच दप्तर मांडीवर घेऊन उतरायचे. नवरा, धनंजय, वारल्यापासून रिताचं घर असंच चाललं होतं, ले-आउटमधल्या, त्या प्लॉटच्या वस्तीतल्या लोकांच्या डोळ्यांवर. ती सकाळी दार नुसतं लोटून निघायची. कुलूप लावलं तर सोमाजी आतून दारावर डोकं आपटत. लॅबमध्ये लोकांच्या दंडाला रबर बांधताना, नस शोधताना तिच्या मनात कधी आलं नाही की सोमाजी कुठे असतील. असतील कुठेतरी, आणि कोणीतरी आणेल. हे कोणी ठरवलेलं नव्हतं. कोणी कोणाला सांगितलेलं नव्हतं. म्हणूनच ते कधी थांबलं तेही कोणी सांगितलं नाही.

पण कशानं थांबलं ते तिला माहीत होतं. चार शब्दांनी थांबलं होतं. पोळ्याच्या सुमारास मंदाबाईंनी सोमाजींना नहराच्या काठावरून आणलं होतं. मंदाबाई मागच्या गल्लीतल्या, वयानं मोठ्या, भय्याजी मास्तरांची बायको, ले-आउटमधल्या प्रत्येक बाळंतपणात आणि मयतात पुढे असणारी बाई. सोमाजींच्या हातात चांदीचं कडं असायचं, त्यांच्या बापापासूनचं. ते त्या दिवशी हातात नव्हतं. रिता म्हणाली होती, "हातातलं कडं कुठं गेलं?" तिनं विचारलं होतं सोमाजींना. पाहत होती मात्र मंदाबाईंकडे. की तसं नव्हतं? आता तिला स्वतःचा चेहरा आठवत नव्हता, मंदाबाईंचा तेवढा आठवत होता. त्यावरचं हसू हळूहळू नाही, एकदम गेलं होतं, दिवा जावा तसं. "मले काय मालूम बाई," असं म्हणून त्या पायरी उतरल्या होत्या. पुढे कडं सापडलं, उडदाच्या डाळीच्या डब्यात. सोमाजींनीच लपवलं असणार. रिता त्याच पावली मंदाबाईंकडे गेली, कडं दाखवलं, माझंच चुकलं म्हणाली. मंदाबाई तांदूळ निवडत होत्या. सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "सापडलं ना, बरं झालं." बस. ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. आधीचं मात्र त्या घरोघरी सांगत गेल्या असतील, किंवा एका घरात सांगितलं असेल आणि ते आपल्या पायांनी पुढे गेलं असेल, केळीवाल्यापर्यंत, पुजाऱ्यापर्यंत, ऑटोवाल्यापर्यंत, या ओल्या केसांपर्यंत. त्या बाईच्या सासऱ्याला हात लावाल तर चोर ठराल. रिताला तेव्हा वाटलं होतं, घरोघर जावं, कडं दाखवत. पण कुठल्या घरी काय पोचलं आहे हे कसं कळणार? आणि जिथं पोचलंच नसेल तिथं आपणच पोचवून यायचं? ती गेली नाही. लोक तिच्याशी बोलत राहिले, हसत राहिले, लॅबमध्ये तिच्यापुढे दंड पुढे करत राहिले. फक्त सोमाजींना कोणी आणेनासं झालं. दोनदा ते स्वतःच परत आले होते, एकदा तीच शोधून आणायला गेली होती. ते योगायोगानं झालं असं तिनं मनाला सांगितलं होतं.

बसस्टँडच्या वाटेवर चौकातल्या केळीवाल्यानं गाडीवरून मान वर केली नाही. "मी पाह्यलं नाही ताई," तो म्हणाला. तिनं अजून काही विचारलंही नव्हतं. पवनीच्या गाडीतला कंडक्टर मात्र भला निघाला. तिला ओळखत नव्हता म्हणूनच भला, असं तिच्या मनात आलं आणि त्या विचाराचीच तिला चीड आली. त्यानं सकाळच्या गाडीवरच्या आपल्या दोस्ताला फोन लावला. हो, एक बुढा होता, धोतर, डोक्याला मफलर, पवनीला उतरला, गोसीखुर्दची गाडी कोठं लागते विचारत होता. कंडक्टरनं रिताला खिडकीची जागा दिली. "घाबरू नका बाई, गावाकडंच गेले असतीन. बुढे लोक तिकडंच जातेत." तो फार गोड बोलत होता. तिला वाटलं, हाही भंडाऱ्याला आमच्या ले-आउटमध्ये राहत असता तर असाच बोलला असता का.

अड्याळ मागे पडलं. धान निघून गेलं होतं आणि बांध्यांमध्ये नुसती बुडखं उरली होती. जागोजागी धानाचे पुंजणे रचलेले, त्यांच्यामागून बायका डोक्यावर भारे घेऊन निघत होत्या, एकीचा भारा दुसरी उचलून देत होती, आणि शेवटचीचा कोण उचलून देणार असं रिताला उगीच वाटत राहिलं. सोमाजींचं गाव तिनं पाहिलेलं नव्हतं. ती लग्न होऊन आली तेव्हा ते गोसीखुर्द धरणाखाली गेलं होतं. धनंजय सांगायचा, आमचे बाबा शहाणे, सगळ्यांच्या आधी निघाले, म्हणून भंडाऱ्यात प्लॉट मिळाला, नाहीतर आम्हीही पुनर्वसनात चिखल तुडवत बसलो असतो. शहाणे हा त्यांच्या घरातला शब्द होता. सोमाजीही स्वतःला तसंच समजत आणि तिला शहाणी करण्याचा त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला होता. भात कसा मोजून टाकावा, माहेरी किती दिवस राहावं, दारात कोणाशी किती बोलावं. "लोकं कोणाचे नसतेत," ते म्हणायचे. धनंजयच्या तेराव्याला ले-आउटमधल्या बायकांनी तिच्या घरी चूल पेटू दिली नव्हती, डब्यांवर डबे येत होते, तेव्हाही ते तिला बाजूला घेऊन म्हणाले होते, डब्यांचे झाकणं नीट पाहून परत दे. ती त्यांना सांभाळत होती ते प्रेमानं नाही. ते घर त्यांच्या नावावर आहे म्हणून सांभाळते, असं लोक म्हणत असतील. तेही खरं नव्हतं. सांभाळत होती कारण रोज सकाळी ते तिथं होते.

पवनीहून शेअर ऑटोनं ती गोसीखुर्दच्या वाटेवरच्या पुनर्वसनात उतरली, सोमाजींचं बुडालेलं गाव जिथं वसवलं होतं तिथं. सरळ आखलेले रस्ते, सारख्या मापाचे प्लॉट, मध्येच एखादी पडीक भिंत. हातपंपावरच्या बाईला तिनं विचारलं, भंडाऱ्याचे सोमाजी इकडे आले का. बाईनं घागर खाली ठेवली आणि तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमी त्याइच्या कोण?"

"सून."

"डोमाच्या घरी बसले आहेत," बाई म्हणाली. घर कोणतं ते तिनं हनुवटीनं दाखवलं, हातानं नाही.

डोमाच्या अंगणात सोमाजी बाजेवर बसले होते, खांद्यावर कोणाचं तरी घोंगडं, समोर भाताची थाळी. ते सावकाश जेवत होते. डोमा पन्नाशीचा, काळा, उघड्या अंगाचा माणूस, समोर उकिडवा बसून त्यांच्याकडे एकटक पाहत होता, जनावर पाहावं तसा. रिता आत आली तरी तो उठला नाही. त्याची बायको वच्छला आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि रिताच्या हातात न देता बाजेच्या कडेला ठेवून गेली. रिता म्हणाली, "मी यांची सून. तुमचे फार उपकार झाले."

"उपकार नाही केले," डोमा म्हणाला. "थांब्यावर लोकाइनं पाह्यलं न् कोणी उचललं नाही. दुपारपर्यंत तेथच बसून होता. मी आणलो त्याले तं शिव्या द्याले आणलो."

डोमा बोलत राहिला. आवाज चढला नाही, पण प्रत्येक शब्द तो वेगवेगळा ठेवत होता. धरण होत होतं तेव्हा साऱ्या गावानं मारुतीच्या पारावर हात ठेवून शपथ घेतली होती की जमिनीच्या बदल्यात जमीन मिळाल्याशिवाय कोणीच कागदावर सही करायची नाही. शपथ सोमाजीनंच घालून दिली होती, गावात त्याचं वजन होतं, तो बोलला की लोक ऐकत. आणि त्याच आठवड्यात तालुक्याला जाऊन पहिली सही त्यानंच केली. "मंग दुसऱ्यानं केली. मंग तिसऱ्यानं. एक दाणा सुटला का पायली सांडते, तशा साऱ्याइनं केल्या. मंग कोण कोणाचं ऐकते? आमची फूट पडली ते अजून जुळली नाही. या गावात आता कोणी कोणाच्या बांधीत जात नाही." डोमानं थुंकी गिळली. "माहा बाप गोमाजी याचा जिगरी. बैलजोडी अर्ध्यात होती दोघाइची. तो मरेपर्यंत याचं नाव घेत होता. चांगलं नाही घेत होता."

धनंजयच्या तोंडचा शहाणे हा शब्द रिताला आठवला, आणि तो प्लॉट, तिची पांढऱ्या फरशीची मोरी, गच्चीवरची टाकी. भंडाऱ्यात तिला कोणीच हे विचारलं नव्हतं. भंडाऱ्यात सोमाजी म्हणजे देवळात बसणारा गरीब म्हातारा आणि वाईट ती. इथं ती कोणी नव्हती आणि तरी तांब्या तिच्या हातात दिला गेला नव्हता. आयुष्यभर लोकं कोणाचे नसतेत म्हणणारा हा माणूस ते कुठून शिकला होता ते तिला आता कळलं. दुसऱ्यांकडून नाही शिकला. स्वतःकडून शिकला. तिला त्यांचा इतका तिरस्कार वाटला की त्यांच्या दाढीला चिकटलेलं शीत तिनं पुसलं नाही.

"मग दिल्या का शिव्या?" तिनं विचारलं.

डोमानं पहिल्यांदा नजर खाली घेतली. "तोंड उघडलं तं हा मले म्हणते, गोमा, पाणी चढून राहिलं रे, बैलं सोडले का? माह्या बापाच्या नावानं हाका मारून राहिला. आता काय देता शिव्या? कोणाले?"

सोमाजींनी थाळी पुसून संपवली आणि रिताकडे पाहिलं. ती पुढे होऊन म्हणाली, "मामाजी, चला. गाडी जाईल." त्यांनी दोन्ही हातांनी बाज धरली. "गोमा," ते म्हणाले, "हे बाई कोणाची? हिले म्हण जा. मी नाही येत." तिनं दंड धरला तर ते लहान मुलासारखे किंचाळले. शेजारच्या प्लॉटमधून दोन-तीन माथी वर आली. नस सापडत नसताना सुई फिरवावी लागते आणि माणूस तोंड वाकडं करतो, तेव्हा तिचा हात जसा शांत होई तसा तो आता होईना. वच्छला दारातून म्हणाली, "राहू द्या त्याइले आज. दोन-चार रोज राहिले तरी चालते. आमी का खाऊन टाकतो?" डोमा उठला. त्यानं घोंगडं सोमाजींच्या पाठीवर नीट ओढलं, दातओठ खात, आणि रिताचा नंबर आपल्या फोनमध्ये घेतला.

परतीच्या गाडीत तिला ले-आउट ऐकू येत होता. सासऱ्याला टाकून आली. घर मिळालं, आता बुढा कशाला. कोणत्या शब्दावर मंदाबाई आवाज खाली आणतील, कुठे थांबतील, कुठे "आपल्याले काय करायचं" म्हणतील, सगळं तिला आधीच पाठ होतं. ती उत्तरं तयार करत होती. गावच्या लोकांकडे ठेवलं, त्यांनाच राहायचं होतं, रविवारी आणते. प्रत्येक उत्तर खरं होतं आणि प्रत्येक खोटं वाटत होतं. मग तिला आठवलं की कडं सापडलं तेही खरंच होतं. खिडकीची काच थंड होती. तिनं सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं.

ती उतरली तेव्हा दिवे नुकतेच लागले होते. ले-आउटच्या वळणावर मंदाबाई उभ्या होत्या, बरोबर टीना आणि आणखी दोघी. म्हणजे कळलं होतं. मंदाबाई दोन पावलं पुढे आल्या, पदर तोंडाशी. "सापडले का वो?"

हो, गावाकडे आहेत. हे वाक्य तिच्या जिभेवर होतं.

"नाही," रिता म्हणाली.

पुढचं तिनं दुरून पाहिल्यासारखं पाहिलं. टीनाचा चेहरा पांढरा झाला. मंदाबाईंनी भय्याजींना हाक मारली, भय्याजींनी आणखी कोणाला, आणि पाहता पाहता गाड्या बाहेर निघाल्या. तिच्या दारावरून कितीतरी महिने नुसतं हसून पुढे जाणारी माणसं आता तिच्या गेटात उभी राहून विचारत होती, अंगात काय होतं, चष्मा होता का, पोहता येतं का. केळीवाला गाडी सोडून आला होता. त्यानं म्हटलं, मी खोटं बोललो ताई, मी पाह्यलो होतो. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. तिच्या फोनवर ले-आउटच्या ग्रुपचा संदेश आला, गणपतीतला सोमाजींचा फोटो, गुलाल लावलेला, आणि खाली आपले आदरणीय सोमाजी काका. आदरणीय हा शब्द ती पाहत राहिली. त्याखाली एकेकजण लिहीत होता, मी नदीवर जातो, मी पुलाकडे, आम्ही मुलं नहराच्या बाजूनं. जो तो लिहीत होता, सगळ्यांना दिसेल असं. भय्याजींचा गुडघा धड नव्हता, तरी ते वैनगंगेच्या घाटाच्या पायऱ्या उतरायला निघाले होते, हातात टॉर्च घेऊन. एक वाक्य बोललं असतं तर सगळे परत आले असते. ते वाक्य अजून होतं तिथंच, जिभेवर. बायकोसमोर मफलर बांधणाऱ्या त्या लंगड्या म्हाताऱ्याला तिनं गेटातून जाताना पाहिलं.

मंदाबाई घरी जाऊन डबा घेऊन आल्या आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसल्या. पूर्वी बसत तशाच, पाय एका बाजूला घेऊन. "काही खाऊन घे," त्या म्हणाल्या. मग रडायला लागल्या. "माह्याच तोंडानं झालं हे. मीच साऱ्याइले म्हणली, नका लागू त्याइच्या नादी. कडं सापडलं तेही कोणाले नाही सांगितलं मी. वाटे, बसू दे काही दिवस. तिले कळू दे." रितानं ऐकून घेतलं. इतके महिने हेच ऐकायचं होतं तिला, याच उंबऱ्यावर, याच बाईकडून. ते कानात शिरलं आणि आत कुठे पोचलं नाही. तिनं मंदाबाईंच्या पाठीवर हात ठेवला नाही, त्यांना पाणी मात्र दिलं.

फोन वाजला. डोमा होता. "बुढा जेवला," तो म्हणाला. "झोपला आता. बाज माह्या बाजूलेच टाकली. रातच्यानं उठला तं मी आहो."

"बरं," रिता म्हणाली.

मंदाबाईंनी डोळे पुसून वर पाहिलं. "कोणाचा होता? काही कळलं का?"

उद्या कळेल. केळीवाल्याला कळेल, टीनाला, घाटावर गुडघा धरून बसलेल्या भय्याजींना. मग जे नाव तिला आधी उगीच मिळालं होतं ते तिचं होईल, आणि यानंतर या गल्लीत कोणी कोणाच्याही म्हाताऱ्याचा हात धरताना एकदा थांबेल. हे तिला स्पष्ट दिसत होतं. तिनं डबा ओढून घेतला, झाकण काढलं. वांग्याची भाजी होती, पोळ्या अजून गरम होत्या.

"लॅबमधून होता," ती म्हणाली, आणि जेवायला बसली.